टाळू रुंद करण्याचे उपचार आणि मुलांचा चेहरा

वरचा जबडा अरुंद असला की डॉक्टर मुलाच्या तोंडात, वर टाळूला एक छोटा स्क्रू बसवतात आणि तो चावीने फिरवायचं काम आईवडिलांवर येतं. पाव फेरा दिला की स्क्रू साधारण पाव मिलिमीटर उघडतो. थोड्याच दिवसांत पुढच्या दोन दातांत फट दिसू लागते आणि घरच्यांच्या पोटात गोळा येतो. चेहरा तर बिघडणार नाही ना? काहींचा प्रश्न नेमका उलटा असतो, याने चेहरा सुधारेल का?

ही फट या उपचाराइतकीच जुनी आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य इमर्सन एंजेल यांनी 1860 मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलीच्या दातांमध्ये स्क्रू बसवला. दोन आठवड्यांत जबडा रुंदावला आणि पुढच्या दातांत जागा झाली. टाळूच्या मधोमध दोन हाडं जोडणारी शिवण उघडली, असं त्यांचं म्हणणं होतं. एक्स-रेचा शोध लागायला अजून 35 वर्षं होती, त्यामुळे दाखवायला पुरावा एवढाच, ती फट. जाणकारांनी शंका घेतली आणि पुढे अमेरिकेत ही पद्धत बराच काळ मागे पडली.

चेहऱ्याचा विषय यात शिरला तो नाकाच्या वाटेने. सतत तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांचा लांबट चेहरा, उघडे ओठ आणि अरुंद टाळू डॉक्टरांनी एकत्र पाहिले होते. नाकामागच्या अडेनॉइड नावाच्या गाठींवरून त्याला ‘अडेनॉइड चेहरा’ असं नावही पडलं. टाळू म्हणजे नाकाची जमीनच, म्हणून ती रुंद केली तर श्वास मोकळा होईल, असं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही डॉक्टर मानत. त्यातूनच चेहराही बदलेल ही आशा आली, आणि माझ्या मते ती पुराव्याच्या फार पुढे धावली.

अमेरिकन दंतवैद्य अँड्र्यू हास यांनी आधी डुकरांवर प्रयोग केले, मग 1961 मध्ये रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले आणि उपचार पुन्हा रुळावर आला. शिवण खरोखर उघडते आणि नाकाची पोकळीही थोडी रुंदावते, हे त्यांनी दाखवलं. आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदवली, ती मला महत्त्वाची वाटते. वरच्या दाढा बाहेर सरकताना खालचा जबडा किंचित खाली आणि मागे जातो. म्हणजे चेहरा उलट थोडा लांब दिसू शकतो. पुष्कळ मुलांमध्ये हा फरक पुढे ओसरतो, पण मुळातच लांबट चेहऱ्याच्या मुलांत डॉक्टर याकडे लक्ष ठेवतात.

हाडं उघडतात ती त्रिकोणात, दातांजवळ जास्त आणि वर नाकाकडे कमी. त्यामुळे गालाची हाडं जवळपास जागेवरच राहतात. चेहऱ्याच्या त्रिमितीय छायाचित्रांवरून मोजमाप सुरू झाल्यावर नाकाच्या बुडाशी वाढ दिसली ती साधारण मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. रोज समोर बसणाऱ्या आईलाही ती सहसा जाणवत नाही. तिला जाणवतं ते हसणं. हसताना दातांची ओळ रुंद दिसते आणि ओठांच्या कोपऱ्यांतली काळी पोकळी कमी होते.

वय मात्र निर्णायक. लहानपणी ही शिवण जवळजवळ सरळ असते, वाढत्या वयात तिच्या कडा करवतीच्या दातांसारख्या एकमेकींत अडकत जातात. म्हणून साधा स्क्रू वयात येण्याआधी जास्त चालतो आणि मोठ्यांसाठी हाडात बसवलेल्या स्क्रूंचा आधार किंवा शस्त्रक्रिया लागते.

आणि ती फट? हिरडीतले ताणलेले तंतू त्या दोन दातांना परत जवळ ओढतात. बहुतेक मुलांत काही महिन्यांत ती आपोआप मिटते, तेव्हा स्क्रू मात्र अजून टाळूलाच असतो, नवं हाड भरेपर्यंत रुंदी धरून ठेवायला.