ताकद वाढवलेला ट्रक आणि कूलंटचं तापमान : पार्श्वभूमी

पिकअप ट्रकचं ट्यूनिंग करून घेतलं (म्हणजे इंजिनाच्या संगणकातल्या सेटिंग बदलून ताकद वाढवली), इंजिनात दाबाने हवा भरणारा टर्बो मोठा बसवला, इंधन फवारणारे इंजेक्टर बदलले आणि जड ट्रेलर जोडून लांब चढाला लागलं की कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान ९० अंश सेल्सियसवरून १०५, ११० असं सरकू लागतं. अशा वेळी बहुतेकांना आधी सुचतो तो कमी तापमानाला उघडणारा थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप. कंपनीचा ९० अंशांचा काढायचा आणि ७१ अंशांचा घालायचा. चढावर याचा उपयोग जवळजवळ शून्य असतो. का, ते समजायचं तर इंजिन थंड ठेवण्याच्या शंभराहून अधिक वर्षांच्या वाटचालीकडे बघावं लागतं. ती वाटचाल नेमकी उलट्या दिशेने झाली आहे. इंजिनांची ताकद वाढत गेली, तसतसे अभियंते कूलंट जास्त गरम चालवू लागले.

सुरुवातीच्या मोटारींत इंजिनाभोवतीचं पाणी सरळ उकळून वाफ होऊन जायचं आणि वाटेत पुन्हा पुन्हा भरावं लागायचं. १९०० च्या शेवटी तयार झालेल्या मर्सिडीज ३५ पीएस गाडीसाठी विल्हेल्म मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ६ मिलिमीटरच्या चौकोनी ८,०७० नळ्या होत्या. हवेला भिडणारा पृष्ठभाग इतका वाढला की १८ लिटर पाण्याचं काम ९ लिटरवर आलं. उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता पाण्याच्या साठ्यावर नव्हे, पृष्ठभागावर आणि त्यातून वाहणाऱ्या हवेवर ठरते, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. तरीही आज कुणी जास्त लिटरचा रेडिएटर घेतला की तो जास्त थंड करेल असं गृहीत धरलं जातं. जास्तीच्या पाण्यामुळे तापायला थोडा वेळ जास्त लागतो, इतकंच.

१९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टी गाडीच्या पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांना पाण्याचा पंप होता. पुढे तो काढून टाकला. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरतं, एवढ्यावर ते २० अश्वशक्तीचं इंजिन चालायचं. ताकद वाढली तेव्हा हे पुरेनासं झालं आणि पंप कायमचा आला.

आता थर्मोस्टॅट. सुरुवातीचे थर्मोस्टॅट म्हणजे लवकर उकळणारा द्रव भरलेले धातूचे भाते होते. पण भात्यावर बाहेरच्या दाबाचाही परिणाम होतो. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्ने याने मेणावर चालणारा थर्मोस्टॅट विकसित केला. मेण ठरावीक तापमानाला वितळून फुगतं आणि झडप ढकलतं; दाब किती आहे याने फरक पडत नाही. आजही बहुसंख्य इंजिनांत हाच प्रकार आहे. तो बसवण्यामागचा हेतू इंजिन लवकर तापवण्याचा आणि ठरलेल्या तापमानाखाली जाऊ न देण्याचा आहे. थंड इंजिनात तेल दाट राहतं, सिलिंडर लवकर झिजतो, इंधन नीट जळत नाही. थर्मोस्टॅट तापमानाची खालची मर्यादा ठरवतो. एकदा झडप पूर्ण उघडली की त्याचं काम संपतं, आणि चढावर १०५ अंशांवर ७१ चा असो की ९० चा, दोन्ही सताड उघडेच असतात.

वरची मर्यादा कुठून आली? उत्तर विमानांत सापडतं. लढाऊ विमानात मोठा रेडिएटर म्हणजे हवेचा मोठा अडथळा, म्हणजे कमी वेग. रेडिएटर लहान ठेवून तेवढीच उष्णता टाकायची तर कूलंट जास्त गरम हवं, कारण रेडिएटरमधून जाणारी उष्णता कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. बाहेर ४० अंश असताना ९० अंशांचं कूलंट ५० अंशांचा फरक देतं आणि ११० अंशांचं ७०. म्हणजे त्याच रेडिएटरमधून सुमारे ४० टक्के जास्त उष्णता बाहेर पडते. यासाठीच १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून विमानांत इथिलीन ग्लायकॉल वापरात आलं. त्याचा उत्कलनबिंदू १९७ अंश आहे. पण ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, शिवाय ते पेट घेऊ शकतं. रोल्स-रॉइसची मर्लिन इंजिनं आधी शुद्ध ग्लायकॉलवर चालत. पुढच्या आवृत्त्यांत ३० टक्के ग्लायकॉल आणि ७० टक्के पाणी दाबाखाली ठेवलं गेलं. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वात महत्त्वाचा टप्पा वाटतो. उष्णता वाहायला पाण्यासारखं दुसरं काही नाही, फक्त ते उकळू द्यायचं नाही, आणि त्यासाठी दाब पुरेसा आहे, हे तिथे पक्कं झालं.

त्याच काळात फार्नबरो इथल्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये एफ. डब्ल्यू. मेरेडिथने दाखवलं की रेडिएटर उघड्यावर न ठेवता नीट आकार दिलेल्या बोगद्यात बसवला, तर आत शिरणारी हवा संथ होते, तिचा दाब वाढतो आणि अडथळ्याने होणारं नुकसान बरंचसं भरून निघतं. स्पिटफायर आणि मस्टँग या विमानांत हे तत्त्व उतरलं. ट्रकमध्ये याचं साधं रूप म्हणजे रेडिएटरभोवतीचं हवेला वाट देणारं आवरण (शराउड) आणि फटी बुजवणाऱ्या पट्ट्या. मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारा) बसवताना या पट्ट्या काढल्या जातात आणि परत लागत नाहीत. मग हवा रेडिएटरमधून जाण्याऐवजी बाजूने निसटते. महागड्या रेडिएटरआधी या पट्ट्या तपासाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर दाबाचं झाकण मोटारींत सर्रास आलं. १५ पीएसआय (दाबाचं एकक) दाबाच्या झाकणाखाली निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल सुमारे १२९ अंशांपर्यंत उकळत नाही. इथे डॅशबोर्डवरच्या आकड्यापेक्षा सिलिंडर हेडच्या (सिलिंडरवरच्या धातूच्या झाकणाच्या) आतलं चित्र महत्त्वाचं असतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हजवळच्या धातूवर बारीक बुडबुडे धरतात आणि सुटतात. तेवढं उकळणं उष्णता उचलायला मदतच करतं. बुडबुड्यांचा सलग थर झाला की धातू आणि द्रव यांचा संपर्क तुटतो आणि हेडला तडा जातो. पाणी हळू फिरवलं तर ते जास्त थंड होतं, हा जुना समज इथूनच आला असावा. शर्यतीच्या गाड्यांत थर्मोस्टॅटच्या जागी छोट्या भोकाची चकती घालत. फायदा दिसायचा तो पाणी मंदावल्यामुळे नव्हे, तर चकतीमुळे ब्लॉकमधला दाब वाढून उकळणं लांबल्यामुळे.

१९७० च्या दशकापासून तांबे-पितळेच्या जागी ॲल्युमिनियमचे रेडिएटर येऊ लागले. तांबं उष्णता जास्त चांगली वाहतं, पण शिशाच्या डाखाचे सांधे ती अडवत. ॲल्युमिनियमच्या रुंद नळ्यांनी ही कसर भरून काढली.

डिझेल पिकअपचा नवा काळ १९८९ मध्ये सुरू झाला, जेव्हा डॉज रॅममध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं, १६० अश्वशक्तीचं टर्बो इंजिन आलं. इंटरकूलर त्याला नंतर मिळाला. तिथूनच रेडिएटरपुढे गर्दी सुरू झाली : एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर, गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर. रेडिएटरपर्यंत हवा पोचते ती तापूनच. बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, वाढवला की इंटरकूलर जास्त उष्णता टाकतो आणि नेमकं तेव्हाच रेडिएटरला गार हवा हवी असते.

पुढे प्रदूषणाच्या नियमांमुळे एक्झॉस्टचा काही भाग थंड करून परत इंजिनात सोडणारा ईजीआर कूलर आला. आधी सायलेन्सरमधून निघून जाणारी ही उष्णता आता कूलंटच्या वाट्याला आली. फोर्डच्या २००३ च्या ६.० लिटर पॉवर स्ट्रोक इंजिनात कूलंट आधी तेलाच्या कूलरमधून आणि मग ईजीआर कूलरमध्ये जातं. तेलाच्या कूलरच्या अरुंद वाटा गाळाने बुजल्या की पुढे प्रवाह कमी पडतो, ईजीआर कूलरमध्ये कूलंट उकळतं आणि तो फुटतो. त्यात हेड धरून ठेवायला प्रत्येक सिलिंडरभोवती चारच बोल्ट. ट्यून करून बूस्ट वाढवला की हेड किंचित उचललं जातं, ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये घुसतो आणि टाकीच्या झाकणातून कूलंट बाहेर फेकलं जातं. लोक याला गाडी तापणं समजतात, पण मूळ दुखणं हेडखालच्या गॅस्केटचं (सांधा बंद ठेवणाऱ्या पट्टीचं) असतं. म्हणूनच हे इंजिन सांभाळणारे कूलंटचं तापमान एकटं बघत नाहीत. गरम इंजिनावर सपाट रस्त्याने सारख्या वेगात जाताना तेल आणि कूलंट यांच्यात ८ अंशांहून जास्त फरक दिसला की तेलाचा कूलर बुजतोय असं धरतात. बोर्डावरची सुई यात कामाची नाही. अनेक ट्रकांत ती मधल्या मोठ्या पट्ट्यात हलतच नाही. १९९६ पासून अमेरिकेत सक्तीच्या झालेल्या ओबीडी-२ सॉकेटमधून (इंजिनाच्या संगणकातली माहिती वाचण्याच्या जागेतून) खरा आकडा वाचावा लागतो.

कंपन्यांनाही चढाची एकसारखी कसोटी उशिराच मिळाली. ट्रेलर ओढण्याची क्षमता तपासणाऱ्या २००८ च्या एसएई (अमेरिकेतली वाहन अभियंत्यांची संस्था) जे२८०७ मानकात ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ घेतला आहे : सुमारे १८ किलोमीटर, बाहेर किमान ३८ अंश, एसी पूर्ण चालू आणि मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर. या कसोटीला कंपनीचा ट्रक कंपनीच्या ताकदीवर उतरतो. ताकद दीडपट केली आणि ती चढभर वापरली, तर कूलंटमध्ये जाणारी उष्णताही जवळपास त्याच प्रमाणात वाढते, आणि शीतकरण मात्र तेवढंच राहतं. थोड्या सेकंदांच्या शर्यतीत हे जाणवत नाही, कारण धातू आणि कूलंट तेवढी उष्णता पोटात घेतात. चढावर पहिल्या काही मिनिटांनंतर ती सोय संपते.

२०११ मध्ये फोर्डने ६.७ लिटरच्या इंजिनात दोन वेगळी कूलंट सर्किटं दिली : एक इंजिनासाठी, दुसरं कमी तापमानाचं, इंटरकूलर आणि गिअरबॉक्स यांसाठी. संगणकाने तापवता येणारा मेणाचा थर्मोस्टॅट मोटारींत १९९० च्या दशकातच आला होता. हलक्या भारावर तो इंजिन १०५ अंशांच्या आसपास चालवतो आणि भार वाढताच झडप लवकर उघडून तापमान खाली आणतो. ट्यूनरने इंधनाचे नकाशे (कुठल्या भाराला किती इंधन, हे ठरवणारे संगणकातले तक्ते) बदलताना थर्मोस्टॅटचा नकाशा तसाच ठेवला, तर संगणक मूळ भारासाठी ठरवलेल्या वेळीच झडप आणि पंखा हलवतो.