मिक्सरला घाम कुठे फुटतो?

क्रीम फेटायला कुठलाही स्टँड मिक्सर, म्हणजे भांड्यात फेटणारं-मळणारं विजेचं यंत्र, चालतो. ब्रेडचं पीठ तिंबायला घेतलं की मात्र चार-पाच मिनिटांत त्याचा आवाज जड होतो आणि मोटरीचा गरम वास येऊ लागतो. खोक्यावर तर १२०० वॉट छापलेलं असतं!

मैद्यात पाणी पडलं की ग्लूटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिनं एकमेकांत गुंतून ग्लूटेनची जाळी विणली जाते. मळताना ती ताणली जाते, दुमडते आणि चिवट होत जाते. म्हणजे पीठ जितकं चांगलं मळलं जातं, तितकं ते यंत्राशी जास्त झुंजतं.

इथे लागतो टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर. वॉटच्या आकड्यात जोर आणि वेग यांचा गुणाकार असतो. त्यात जोर किती, हे एकट्या आकड्यावरून कळत नाही. शिवाय तो आकडा बहुधा मोटर वीज किती ओढते ते सांगतो, हुकापर्यंत, म्हणजे पीठ मळणाऱ्या वाकड्या दांड्यापर्यंत, किती पोचते ते नाही. अनेक घरगुती मिक्सरांत मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते आणि गिअर तो वेग उतरवून जोर वाढवतात. म्हणून मी आधी गिअर धातूचे आहेत का, ते विचारेन. काही यंत्रांत एक गिअर मुद्दाम नाजूक ठेवतात, म्हणजे हुक अडकला तर तोच तुटतो आणि मोटर वाचते. ही खोट नव्हे. फक्त तो सुटा मिळायला हवा.

दुसरी गोची उष्णतेची. मोटरीचा पंखा तिच्याच दांड्यावर असेल तर मोटर मंदावली की पंखाही मंदावतो. पीठ मळायचं असतं कमी वेगावर. म्हणजे भार सर्वांत जास्त आणि वारा सर्वांत कमी! त्यामुळे सलग किती मिनिटं मळता येईल, हे माहितीपुस्तिकेत आवर्जून वाचावं. पीठही तापतं. हुकातून ५० वॉट जरी पिठात उतरले, तरी ८ मिनिटांत २४,००० ज्यूल होतात. किलोभर गोळा त्याने ८-९ अंशांनी तापू शकतो. म्हणून उन्हाळ्यात पाणी गारच घ्यावं.

इंग्रजी 'सी'सारख्या हुकावर गोळा वर चढत जातो. मळसूत्री हुक त्याला खाली दाबतो. स्वीडनमध्ये १९४० साली आलेल्या इलेक्ट्रोलक्सच्या 'असिस्टेंट'मध्ये तर भांडंच फिरतं. भांड्याचे लिटर मोजण्यापेक्षा किती पीठ झेपतं ते पाहावं, आणि तेही घट्ट पीठ. किलोभर मैद्यात ५५० ग्रॅम पाणी आणि ७०० ग्रॅम पाणी, यांत यंत्राच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. उलट फार थोडं पीठ घेतलं तर ते हुकाला नीट सापडत नाही, नुसतं गरगर फिरतं.

आणि घरचा मिक्सर अशक्त निघालाच, तर मैदा आणि पाणी नुसतं कालवून अर्धा तास झाकून ठेवा. ग्लूटेन तेवढ्यात आपलं आपण जुळायला लागतं. मग यीस्ट आणि मीठ घालून मळायला घेतलं की हुकाला बराच कमी वेळ झगडावं लागतं.