गोचीड चावल्यानंतर लेबल कसं वाचायचं

रात्री आठला जेवण होतं आणि बाराच्या सुमारास अंगभर गांधी उठतात, पोटात कळा येतात, कुणाला श्वास लागतो. अल्फा-गॅल ॲलर्जीत त्रास साधारण २ ते ६ तासांनी सुरू होतो, म्हणून जेवणावर संशयच जात नाही. अल्फा-गॅल ही गाय, डुक्कर, शेळी अशा सस्तन प्राण्यांच्या शरीरातली साखर. माणसात ती नसते, कोंबडीत आणि माशांतही नसते. अमेरिकेतली 'लोन स्टार' गोचीड (मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका असतो) चावली की काहींचं शरीर या साखरेविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि मग अशा प्राण्यांचं मांस, चरबी खाल्ली की त्रास होतो. शिजवून, तळून ही साखर जात नाही.

तिथल्या पाकिटावरच्या 'कंटेन्स' या, ॲलर्जीचे पदार्थ सांगणाऱ्या ओळीवर विसंबू नका. ॲलर्जीच्या कायद्यात ९ पदार्थ आहेत, आणि ती ओळ तेवढ्यांपुरतीच असते. दूध त्यांत आहे, पण गाय-डुकराचं मांस, चरबी किंवा जिलेटिन (प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून काढलेला पदार्थ) नाही. म्हणून घटकांची यादी शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची. घोटलेल्या बीन्सच्या डब्यात 'लार्ड', म्हणजे डुकराची चरबी, सापडते. 'टॅलो' ही बहुधा गाईची चरबी. मार्शमॅलो, गमी आणि औषधाच्या कॅप्सूलमध्ये जिलेटिन असतं. चिकन सॉसेज तर फारच फसवं: आत कोंबडी, पण वरचं आवरण डुकराच्या आतड्याचं असू शकतं. 'पोर्क केसिंग' हे शब्द शोधा.

'नॅचरल फ्लेवर', 'ग्लिसरीन', 'मोनो-डायग्लिसराइड' यांचं मूळ लेबलवरून कळत नाही. कंपनीला नेमकं विचारा: "यात गाय, डुक्कर किंवा मेंढीपासून काढलेलं काही आहे का?" नुसतं "ॲलर्जन आहे का?" विचारलं तर उत्तर त्या ९ पदार्थांपुरतंच मिळण्याची शक्यता असते. आणि घटक बदलतात, तेव्हा नेहमीचं पाकीटही दर वेळी वाचा.

दूध बऱ्याच रुग्णांना चालतं. ते सोडायचं की नाही, हे ॲलर्जीतज्ज्ञ ठरवतील. ज्यांना चालत नाही त्यांनी 'नॉन-डेअरी' क्रीमरही तपासावा, त्यात दुधाचंच सोडियम केसिनेट असू शकतं.

भारतीय दुकानातल्या पाकिटावरचा हिरवा ठिपका इथे खरंच कामाला येतो: लार्ड नाही, जिलेटिन नाही. मात्र दूध, तूप, व्हे त्यात बसतात. 'व्हेगन' शिक्क्यालाही एक फट आहे, कॅराजीनन हा दाटपणा आणणारा पदार्थ (लेबलवरचा क्रमांक आयएनएस ४०७). हे लाल समुद्री शेवाळातून काढतात, पण त्यातही अल्फा-गॅल असते आणि काहींना त्याचाही त्रास होतो. बदामाच्या दुधाच्या खोक्यावर ते सहसा यादीच्या शेवटाकडे असतं.