चाळिशीत पेशा बदलताना : नाणेफेक, उसाचे बिल आणि लंडनचे टॅक्सीचालक

महिनोन्महिने विचार करूनही सुटत नसलेला प्रश्न नाणेफेकीवर सोपवावा, असे कोणी सुचवले तर आपण ते मनावर घेणार नाही. शिकागो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी २०१३ मध्ये नेमके हेच घडवून आणले. नोकरी सोडावी का, स्वतःचा व्यवसाय सुरू करावा का, पुन्हा शिक्षण घ्यावे का, असा अडलेला प्रश्न लोकांनी त्यांच्या संकेतस्थळावर नोंदवायचा आणि संगणकाने उडवलेल्या नाण्याचा कौल पाहायचा, अशी योजना होती. एक बाजू पडली तर बदल करायचा, दुसरी पडली तर आहे ते चालू ठेवायचे. वर्षभरात वीस हजारांहून अधिक वेळा नाणे उडवले गेले. कौल पाळण्याची सक्ती कोणावरही नव्हती. तरीही बदलाचा कौल मिळालेल्यांमध्ये प्रत्यक्ष बदल करणाऱ्यांचे प्रमाण जास्त निघाले आणि सहा महिन्यांनी चौकशी केली तेव्हा मोठ्या निर्णयांच्या बाबतीत हेच लोक अधिक समाधानी आढळले.

या प्रयोगात नाण्याला इतके महत्त्व का, हे समजून घेतले पाहिजे. नोकरी बदललेल्या आणि न बदललेल्या माणसांची नुसती तुलना केली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण ज्यांच्या गाठीशी पैसा आहे, घरच्यांचा पाठिंबा आहे किंवा ज्यांचा स्वभावच धाडसी आहे, तेच बहुधा बदल करतात आणि त्यांचे समाधान बदलामुळे आले की मुळातच होते, हे सांगता येत नाही. नाणे मात्र कोणाची परिस्थिती पाहत नाही. त्यामुळे दोन गटांत नंतर दिसलेला फरक बदलामुळेच पडला, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. अर्थात हे सारे लोक आधीपासूनच द्विधा मनःस्थितीत होते, स्वेच्छेने सहभागी झाले होते आणि सहा महिन्यांचा काळ काही फार मोठा नव्हे. पेशा बदलला की सुख मिळते, असा निष्कर्ष यातून निघत नाही. कुंपणावर बसलेली माणसे गरजेपेक्षा अधिक काळ तिथेच बसून राहतात, एवढे मात्र निघते.

असे का होते, याचे एक स्पष्टीकरण मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात आहे. हातून गेलेल्या शंभर रुपयांचे दुःख शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा मोठे असते. त्यांच्या पुढच्या अभ्यासानुसार ते साधारण दुप्पट भरते. शिवाय काय जाणार आहे याचा हिशेब रुपया-पैशात मांडता येतो: पगार, भविष्यनिर्वाह निधी, आरोग्यविमा. जे मिळणार आहे ते मात्र धूसर असते. हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये, असे वडीलधारे बजावतात तेव्हा ते मनाच्या याच रचनेला धरून बोलत असतात.

मला मात्र या सर्वांपेक्षा महत्त्वाचा वाटतो तो तमिळनाडूतील ऊस उत्पादकांवर झालेला अभ्यास, कारण पेशा बदलण्याचा विचार बहुतेकांच्या मनात पैशाची ओढाताण सुरू असतानाच येतो. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या संशोधनात ४६४ शेतकरी होते. उसाचे पैसे वर्षातून एकदाच हाती येत असल्याने तोडणीपूर्वी घरात चणचण असते आणि तोडणीनंतर काही काळ सुबत्ता असते. कोल्हापूर, सांगलीच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. कारखान्याकडून तोड येईपर्यंतची उसनवारी आणि बिल खात्यात जमा झाल्यावरचा मोकळेपणा तिथल्या घरोघरी ओळखीचा आहे. तमिळनाडूतील शेतकऱ्यांपैकीही बहुतेकांनी तोडणीपूर्वी काही ना काही गहाण ठेवलेले होते.

संशोधकांनी प्रत्येकाची चाचणी दोनदा घेतली, एकदा तोडणीपूर्वी आणि एकदा नंतर. आकृत्यांच्या मांडणीतील रिकाम्या जागी कोणती आकृती बसेल, हे ओळखण्याच्या प्रश्नांत त्याच शेतकऱ्यांची सरासरी बरोबर उत्तरे तोडणीपूर्वी ४.३५ होती, ती तोडणीनंतर ५.४५ झाली. माणूस तोच, बुद्धी तीच. पण कोणाचे देणे कधी फेडायचे या विचाराने डोक्यातील बरीच जागा अडवलेली होती. या निष्कर्षावर पुढे वादही झाला. अमेरिकेतील अल्प उत्पन्न गटातील लोकांची पगाराच्या आधी आणि नंतर चाचणी घेणाऱ्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विचारशक्तीत असा फरक आढळला नाही. पण पगारापूर्वी लोक पुढच्या मोठ्या रकमेपेक्षा आजच्या लहान रकमेकडे अधिक झुकतात, हे त्यातही दिसले. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर इतके नक्की म्हणता येईल की, ज्या निर्णयाची फळे दोन-तीन वर्षांनी मिळायची आहेत, तो ऐन तंगीत घेणे धोक्याचे आहे. सहा-आठ महिन्यांच्या घरखर्चाची तरतूद आधी करावी, हा जुना सल्ला पोटापुरताच नाही, तर नीट विचार करता यावा यासाठीही आहे.

दुसरी शंका वयाची. चाळिशीनंतर नवे काम डोक्यात शिरते का? याचे सर्वांत सुस्पष्ट उत्तर लंडनच्या टॅक्सीचालकांनी दिले आहे. तिथे परवाना मिळवण्यासाठी चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातील सुमारे २५,००० रस्ते आणि हजारो ठिकाणे तोंडपाठ असावी लागतात आणि या तयारीला साधारण तीन-चार वर्षे जातात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील कॅथरीन वूलेट आणि एलेनॉर मॅग्वायर यांनी अशा ७९ उमेदवारांच्या मेंदूची प्रतिमा सुरुवातीला घेतली आणि त्यांपैकी बहुतेकांची काही वर्षांनी पुन्हा घेतली. त्यांचे सरासरी वय चाळिशीच्या आसपास होते. सुरुवातीला कोणाच्याच मेंदूत वेगळे काही नव्हते. पुढे ३९ जण उत्तीर्ण झाले आणि केवळ त्यांच्याच मेंदूत, स्मरण व दिशाज्ञानाशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या मागच्या टोकाला करड्या द्रव्याची वाढ दिसली. अनुत्तीर्णांत आणि ज्यांनी ही तयारी केलीच नव्हती त्यांच्यात तशी वाढ नव्हती.

या अभ्यासातील दोन गोष्टी उत्साहाच्या भरात सांगायच्या राहून जातात. उत्तीर्ण झालेल्यांनी आठवड्याला अनुत्तीर्णांच्या सुमारे दुप्पट तास अभ्यास केला होता. अनेकांनी परीक्षा अर्ध्यावर सोडली ती वेळ आणि पैसा यांचे गणित न जमल्याने, म्हणजे त्यांच्या अपयशाचे खापर बुद्धीवर फोडता येत नाही. दुसरे म्हणजे, रस्ते पाठ झालेल्यांची एका गुंतागुंतीच्या आकृतीची आठवण इतरांपेक्षा कमी प्रतीची निघाली. नव्या कौशल्याची काही किंमत मेंदूही मोजतो. प्रौढ वयात शिकता येते हे खरे, पण त्यासाठी दररोजचे तास बाजूला काढावे लागतात आणि संसार सांभाळणाऱ्या माणसाकडे तेच नसतात.

मग उडी मारावी की पूल बांधावा? जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी अमेरिकेतील काही हजार व्यावसायिकांची अनेक वर्षांची माहिती तपासून २०१४ मध्ये दाखवले की, नोकरी चालू ठेवून व्यवसाय सुरू करणारे आणि जम बसल्यावर नोकरी सोडणारे यांचा व्यवसाय बंद पडण्याची शक्यता, थेट नोकरी सोडून उतरणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होती. एरवी भित्रेपणा मानला जाणारा हा मार्ग प्रत्यक्षात माहिती मिळवण्याचा मार्ग ठरतो: गिऱ्हाईक खरोखर पैसे मोजते का, उधारी किती अडकते, हे काम रोज करायला आपल्याला आवडते का, हे सारे पगार चालू असतानाच कळते. अमेरिकेतील नवउद्योगांच्या आणखी एका मोठ्या अभ्यासात सर्वांत वेगाने वाढलेल्या उद्योगांच्या संस्थापकांचे सुरुवातीचे सरासरी वय ४५ आढळले आणि त्याच क्षेत्रातील आधीचा अनुभव यशाची शक्यता बरीच वाढवतो, असेही दिसले. म्हणून पेशा बदलायचा म्हणजे आजवरचे सारे टाकून द्यायचे, ही समजूत मला घातक वाटते. छापखान्यात खिळे जुळवणारा कामगार संगणकावरील अक्षरजुळणीकडे वळला तेव्हा यंत्र नवे होते, पण मुद्रितातील चूक हेरणारी नजर त्याने सोबत नेली होती.

हा मार्ग सर्वांना मोकळा नाही, हेही सांगितले पाहिजे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार परवानगीशिवाय खासगी व्यापार करता येत नाही आणि अनेक खासगी कंपन्यांच्या नेमणूकपत्रातही अशीच अट असते. तेव्हा पहिल्यांदा ते पत्र काढून वाचावे. अट असेल तर मोबदला न घेता, हक्काची रजा टाकून, त्या व्यवसायात मुरलेल्या माणसासोबत काही आठवडे राहावे. तेही सणासुदीच्या गर्दीत नव्हे, तर मंदीच्या दिवसांत, म्हणजे दुकानात गिऱ्हाईक नसताना मालक काय करतो आणि कामगारांचा पगार कुठून भागवतो, हे जवळून पाहता येईल.