फ्री ट्रेड आणि संरक्षणवाद: निवडणुकीत नेमकी गल्लत कुठे होते

प्रचार सुरू झाला की फ्री ट्रेडवाले म्हणजे कंपन्यांचे आणि टॅरिफवाले म्हणजे देशाचे अशी सरळ वाटणी करून लोक मोकळे होतात. पण तसं काही नाहीये. फ्री ट्रेड म्हणजे बाहेरचा माल शक्यतो अडवायचा नाही, संरक्षणवाद म्हणजे टॅरिफ (आयात मालावरचा कर), कोटा (किती माल येऊ द्यायचा याची मर्यादा) असलं काहीतरी लावून इथल्या उत्पादकाला आडोसा द्यायचा, बस. कुठला पक्ष कुठल्या बाजूला हे काही ठरलेलं नसतं. अमेरिकेत 1890 चा मॅकिन्ली टॅरिफ रिपब्लिकनांचा, 1993 ला हाऊसमध्ये (अमेरिकी संसदेचं कनिष्ठ सभागृह) नाफ्टाच्या, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या व्यापार कराराच्या, बाजूने 132 रिपब्लिकन आणि 102 डेमोक्रॅट, सही मात्र डेमोक्रॅट क्लिंटनची, आणि 2018 ला स्टीलवर 25 टक्के लावणारे ट्रम्प परत रिपब्लिकनच!

टॅरिफ परदेश भरतो, ही भाषणातली सगळ्यात खपणारी थाप. कस्टम्सला पैसे भरतो तो इथला आयातदार, आणि जमेल तेवढं तो गिऱ्हाईकाच्या गळ्यात घालतो. 2018 मध्येच अमेरिकेने आयात वॉशिंग मशीनवर टॅरिफ लावला, तर मशीन साधारण 86 डॉलरने महागलं आणि गंमत म्हणजे ड्रायरही 92 डॉलरने, ज्याच्यावर टॅरिफच नव्हता! लोक दोन्ही जोडीने घेतात ना, मग कंपन्यांनी वाढ दोन्हीवर वाटून टाकली. नोकऱ्या आल्या अंदाजे 1800, आणि अर्थतज्ज्ञांनी हिशोब केला तर एकेका नोकरीमागे ग्राहकांच्या खिशातून 8 लाख डॉलरच्या वर गेले.

मग तरी मतं का मिळतात? कारण त्या 1800 जणांना माहीत असतं की नोकरी कशामुळे लागली, कारखान्याच्या दारात नेत्याचा फोटोही निघतो, पण 86 डॉलर जास्त देणाऱ्याला वाटतं महागाई आहे, चालायचंच. आणि हेच फ्री ट्रेडवर उलटतं. स्वस्त मालाचा फायदा सगळ्यांना थोडा थोडा, कुणाच्या लक्षातही येत नाही, पण कारखाना बंद पडला की अख्खं गाव बसतं आणि ते गाव मतदान करतं. त्यामुळे टॅरिफला मत देणारा अडाणी असतो असं म्हणणारे मला पटत नाहीत, त्याचं नुकसान खरंच झालेलं असतं.

फक्त खाण्याच्या वस्तूंना हात लागला की गणित फिरतं, कारण ती भाववाढ रोज दिसते. ब्रिटनमध्ये जोसेफ चेंबरलेन या नेत्याने 1903 ला टॅरिफची मोहीम काढली, लिबरल पक्षाने फ्री ट्रेडचा मोठा पाव आणि टॅरिफचा छोटा पाव असा प्रचार केला आणि 1906 ची निवडणूक धो धो जिंकली. तरी 1923 ला कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान बाल्डविन पुन्हा टॅरिफचा मुद्दा घेऊन निवडणुकीला गेले, बहुमत घालवून बसले आणि जानेवारी 1924 मध्ये ब्रिटनचं पहिलं लेबर सरकार आलं.

आणि हो, नुसत्या नावावर जाऊ नका. नाफ्टाच्या नावातच फ्री ट्रेड, पण गाडी बिनशुल्क न्यायची तर तिचा 62.5 टक्के माल तिन्ही देशांतलाच हवा होता. ट्रम्पनी त्याच्या जागी आणलेल्या करारात तेच 75 टक्के झालं, वर गाडीचा ठराविक हिस्सा ताशी किमान 16 डॉलर पगाराच्या कामगारांनीच बनवायचा अशी अट. म्हणजे फ्री ट्रेडच्या करारात हा चक्क संरक्षणवाद, आणि हाऊसमध्ये तो करार 385 विरुद्ध 41 ने पास, ट्रम्प म्हणाले नाफ्टा संपवला, डेमोक्रॅट म्हणाले कामगारांच्या अटी आम्ही घातल्या.