व्हिडिओ नॅस्टी

ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात व्हिडिओ कॅसेटवर घरोघरी पोहोचलेल्या अतिहिंसक चित्रपटांना, विशेषतः भयपटांना, मिळालेले नाव. 'नॅस्टी' म्हणजे ओंगळ, किळसवाणे. विशेषणाचे नाम करून ते अनेकवचनात वापरण्याची लकब तिथल्या वृत्तपत्री मथळ्यांची आहे. यांतील बरेच चित्रपट पुढे नव्या व्हिडिओ आवृत्त्यांतून परत आले, काहींची पुनर्निर्मिती झाली, आणि प्रत्येक वेळी त्यांचे प्रमाणपत्र नव्याने ठरले.

संज्ञेचा उगम वादग्रस्त आहे. नीतिरक्षणाच्या चळवळीतील मेरी व्हाइटहाउस यांना तिचे जनकत्व देण्याचा प्रघात आहे. तथापि त्यांनी ती लोकप्रिय केली, एवढेच निश्चितपणे म्हणता येते. १९८२च्या मे महिन्यात 'संडे टाइम्स'ने या कॅसेटींवर लिहिलेला लेख बहुतेक अभ्यासक आरंभबिंदू मानतात. त्याच सुमारास 'द ड्रिलर किलर'च्या जाहिरातीतील चित्राबद्दल जाहिरात-नियंत्रकांकडे तक्रारी गेल्या होत्या. वादाची ठिणगी चित्रपटांपेक्षा कॅसेटच्या वेष्टनांनी व जाहिरातींनी पाडली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आक्षेप घेणाऱ्या अनेकांनी चित्रपट पाहिलेच नव्हते. वेष्टने मात्र दुकानांच्या काचांमागे सर्वांना दिसत होती.

अश्लीलतेचा खटला भरता येईल अशा चित्रपटांची सरकारी यादी निघाली; तीतील चित्रपटांच्या संख्येबाबत संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. कारण सरकारी अभियोग संचालकांनी १९८३मध्ये पोलिसांच्या मार्गदर्शनासाठी काढलेली यादी वेळोवेळी बदलत गेली. एकूण ७२ शीर्षके केव्हा ना केव्हा तीत होती. त्यांपैकी ३९ चित्रपटांवरील खटले यशस्वी झाले, उरलेली ३३ नावे वगळली गेली. 'एकूण ३९' आणि 'एकूण ७२' ही दोन्ही विधाने त्यामुळे आपापल्या अर्थी बरोबर ठरतात. हे खटले १९५९च्या अश्लील प्रकाशन अधिनियमाच्या दुसऱ्या कलमाखाली भरले जात आणि ज्यूरीपुढे चालू शकत. तिसऱ्या कलमाखाली केवळ जप्ती होई. त्या वर्गातील चित्रपटांची यादी वेगळी असून ती पहिलीशी मिसळून टाकण्याची चूक वारंवार आढळते. 'द टेक्सस चेन सॉ मॅसकर' व 'दि एक्झॉर्सिस्ट' यांना सर्रास 'नॅस्टी' म्हटले जाते, पण ७२ नावांत ते दोन्ही नाहीत. त्यांच्या कॅसेटी बाजारातून गेल्या त्या प्रमाणपत्राअभावी.

प्रमाणपत्राची ही अट १९८४च्या व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज अधिनियमाने आली. तोवर १९१२मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश चित्रपट परीक्षण मंडळाचे काम चित्रपटगृहांपुरते होते आणि अंतिम अधिकार स्थानिक संस्थांचा असे. ग्रॅहम ब्राइट यांनी मांडलेल्या या अशासकीय विधेयकाने व्हिडिओचे वर्गीकरण सक्तीचे केले, आणि घरात पाहिले जाण्याची शक्यता विशेष लक्षात घ्यावी, असे मंडळाला बजावले. घरात चित्र थांबवता येते, मागे नेऊन पुन्हा पाहता येते आणि दाराशी तिकीट तपासणारा कोणी नसतो. म्हणून एकाच चित्रपटाला पडद्यासाठी एक आणि कॅसेटसाठी दुसरे, सहसा अधिक कडक, माप लागू झाले. १९९४च्या दुरुस्तीने संभाव्य प्रेक्षकाला होणाऱ्या अपायाचा निकष त्यात घातला.

विधेयकाच्या समर्थनार्थ मुलांच्या व्हिडिओ-पाहणीचे जे आकडे मांडले गेले, ते विश्वासार्ह नव्हते. गाय कंबरबॅच व पॉल बेट्स या संशोधकांनी शाळकरी मुलांना अस्तित्वातच नसलेल्या चित्रपटांची नावे दिली, तेव्हा ६८ टक्के मुलांनी त्यांतील काही पाहिल्याचे सांगितले. या प्रयोगाला मिळायला हवे होते ते महत्त्व संसदेतील चर्चेत मिळाले नाही.

कायद्यातही एक तांत्रिक दोष राहून गेला होता. युरोपीय आयोगाला द्यावयाची पूर्वसूचना १९८४मध्ये दिलीच गेली नव्हती, हे २००९मध्ये उघडकीस आले. तोच कायदा जानेवारी २०१०मध्ये पुन्हा संमत करावा लागला.

पुनःप्रकाशन व पुनर्निर्मिती : मंडळाचे संचालक जेम्स फर्मन (कार्यकाल १९७५–९९) निवृत्त होताच धोरण सैल झाले, असे सामान्यतः मानले जाते. हा बदल एका झटक्यात झाला नाही. 'दि एव्हिल डेड' (१९८१) चित्रपटगृहासाठी ४९ सेकंद कापून मंजूर झाला होता. तीच कापलेली आवृत्ती कॅसेटवर आली, तरीही तो यादीत गेला. १९९०च्या व्हिडिओ आवृत्तीला आणखी कात्री लागली आणि अखंड प्रत २००१मध्ये मिळाली. 'द लास्ट हाउस ऑन द लेफ्ट' (१९७२) २००२मध्ये ३१ सेकंद कापून '१८' (केवळ प्रौढांसाठी) वर्गात आला, २००८मध्ये अखंड. पुढच्याच वर्षी त्याची पुनर्निर्मिती प्रदर्शित झाली. पुनर्निर्मितीच्या प्रसिद्धीवर मूळ चित्रपट नव्याने बाजारात आणणे हा वितरकांचा नित्याचा व्यवहार आहे.

'आय स्पिट ऑन युअर ग्रेव्ह'चे (१९७८) उदाहरण अधिक बोलके आहे. २००१मध्ये मूळ चित्रपटातून ७ मिनिटे २ सेकंद कापले गेले, २०१०मध्ये सुमारे ३ मिनिटे. त्याच २०१०मध्ये पुनर्निर्मितीतूनही ४३ सेकंद वगळावे लागले. रक्तपाताबाबत मंडळ बरेच मवाळ झाले, पण लैंगिक हिंसेला कामुकतेची जोड देणारी दृश्ये त्याने सोडली नाहीत. तो आग्रह योग्य होता, असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते.

उलट दिशेचा प्रवासही लक्षणीय आहे. 'वॉटरशिप डाउन' (१९७८) हा सशांचा अॅनिमेशनपट 'यू' (सर्वांसाठी) वर्गातून २०२२मध्ये 'पीजी'त (पालकांच्या मार्गदर्शनाखाली) गेला. 'मेरी पॉपिन्स' (१९६४) २०२४च्या पुनःप्रदर्शनावेळी एका वंशवाचक अपशब्दामुळे 'पीजी' ठरला, मात्र घरगुती आवृत्तीचे 'यू' कायम राहिले. प्रमाणपत्र चित्रपटाच्या नावाला चिकटलेले नसते; ते मंडळापुढे ठेवलेल्या विशिष्ट प्रतीला व माध्यमाला मिळते, हे या प्रकरणात स्पष्ट दिसते. कोणत्याही चित्रपटाचा वयोगट सांगताना वर्ष व माध्यम दोन्ही द्यावीत.

भारताशी तुलना करताना अक्षरांनी फसू नये. 'यू' व 'ए' ही अक्षरे ब्रिटनमध्ये मंडळाच्या आरंभापासून होती. तेथील 'ए' मुलांना सर्वस्वी मज्जाव करणारे नव्हते. पालकासोबत प्रवेश मिळे. भारतात १९४९च्या दुरुस्तीने आलेल्या 'ए'चा अर्थ केवळ प्रौढांसाठी असा आहे. मधली 'यूए' श्रेणी येथे १९८३मध्ये आली आणि २०२३च्या दुरुस्तीने तिचे ७, १३ व १६ वर्षांवरील असे तीन भाग झाले. व्हिडिओसाठी ब्रिटनसारखा स्वतंत्र कायदा भारतात झाला नाही. व्हिडिओ फिल्मचे प्रमाणपत्र १९५२च्या चित्रपट अधिनियमाखालीच घेतले जाते.