फळ्यासमोर हिशोब का अडतो?

‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीने प्रौढ साक्षरता वर्गांचं फार नुकसान केलंय. बाजारात सगळ्या गिऱ्हाइकांचा हिशोब तोंडी करणारी भाजीवाली फळ्यासमोर उभी राहिली की 7 आणि 8 किती, इथेच अडखळते. खडू बोटांत घट्ट आवळलेला, अर्धं लक्ष मागून कोण हसतंय याकडे. लोक म्हणतात, वय झालं. अहो, बाजारातही तिचं वय तेवढंच असतं!

कपाळामागे मेंदूचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स हा भाग असतो. आकडा, अक्षर, अर्धवट वाचलेलं वाक्य काही क्षण मनात धरून ठेवण्याचं काम त्याचं. तिथल्या पेशी एकमेकींना सतत संदेश देत राहतात, तोवरच ती गोष्ट टिकते. हे संदेश नॉरॲड्रेनलिन या रसायनाच्या प्रमाणावर अवलंबून असतात, आणि खरी गंमत इथेच आहे. येल विद्यापीठातल्या मेंदूशास्त्रज्ञ एमी आर्न्स्टन यांनी कित्येक वर्षं याच विषयावर काम केलंय. माणूस सावध पण निर्धास्त असतो तेव्हा हे रसायन बेताचं असतं आणि पेशींवरच्या अल्फा-2ए ग्राहींना (ग्राही म्हणजे रसायन पकडणारे रेणू) चिकटतं. त्यामुळे काही आयन-वाहिन्या, म्हणजे विद्युतभारित कणांची ये-जा होणारी पेशीची दारं, बंद राहतात आणि संदेश नीट पुढे जातो. फजितीची धास्ती वाटली की रसायन भसाभस सुटतं आणि अल्फा-1 ग्राही जागे होतात. पेशीत कॅल्शियम आणि सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात, संदेश मधेच विरतो. पेशी शाबूत असतात, पण त्या घटकेला त्यांचा आपसातला संपर्क तुटलेला असतो.

म्हणून वर्गातलं मोकळं वातावरण ही शिकण्याची पहिली गरज आहे. अर्थात पेंग येईल इतकी सैल बैठकही उपयोगाची नाही, कारण नॉरॲड्रेनलिन फार कमी झालं तरी हाच भाग मंदावतो. आणि ‘माणूस 10 टक्केच मेंदू वापरतो’ असं सांगून स्मरणशक्तीची औषधं विकणाऱ्यांना तर दारातूनच परत पाठवा. ते विधान साफ खोटं आहे.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी योगेंद्र बांगर या शिक्षकांनी 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी साड्या नेसलेल्या, एकाच गावच्या, साधारण एकाच वयाच्या बायका. चुकलं तर हसायला शेजारची मैत्रीण, आणि तीही उद्या चुकणारच! धास्ती कमी करायला याहून चांगली बैठक मला सुचत नाही.

केंद्र सरकारच्या ‘उल्लास’ या प्रौढ साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक शिकवतात. त्यांना माझं सांगणं एवढंच, की कुणाला एकटं फळ्याकडे बोलावू नका, जोडीने बोलवा. अक्षरं मोठी काढा, उजेड भरपूर ठेवा, कारण चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं. आणि प्रश्न विचारल्यावर निदान तीन सेकंद गप्प बसा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात शाळांमध्ये पाहिलं होतं, की शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब आणि जास्त विचारपूर्वक येतात.